कच्चे मडके

मनुष्याची योग्यता त्याच्या पश्चात ठरते, असे आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी सांगत असत. परंतु माझी योग्यता माझ्या हयातीतच, गेल्या फाल्गुनातील एका टळटळीत दुपारी, धाराशिवच्या एका दुकानात फ्रिजांच्या दोन रांगांच्या मधोमध, धर्मपत्नीच्या साक्षीने, एका पंचविशीतल्या पोराच्या मोबाइलवर ठरली, आणि ती ‘वजा एक’ एवढी निघाली.

हकिकत अशी की, आमच्या घरातला फ्रीज एकोणीस वर्षे इमानेइतबारे राबून एके दिवशी मोठा उसासा टाकून निवृत्त झाला. नवा रोखीने घेण्याची ऐपत पेन्शनीच्या कृपेने होती. परंतु दुकानाच्या दर्शनी काचेवर ‘बारा हप्ते, व्याज शून्य’ अशी पाटी लावलेली होती, आणि ती वाचून आमच्या सौभाग्यवतीने “व्याजच नसेल तर आपले पैसे आपल्या बँकेत राहू द्या की,” असा जो सिद्धान्त मांडला, तो खोडून काढणे जन्मभर गणित शिकवूनही मला साधले नाही. पोराने आधार आणि पॅन ही माझ्या अस्तित्वाची दोन्ही प्रमाणे घेतली, मोबाइलवर अंगठा चालवला, थांबला, पुन्हा चालवला, आणि आवाज खाली आणून, दवाखान्यातला माणूस एक्स-रे उजेडासमोर धरून नातेवाइकांशी बोलतो तशा सुरात, माझ्याकडे न पाहता सौभाग्यवतीकडे पाहून म्हणाला, “काकू, सरांचा सिबिल येईना गेलाय.”

“येईना म्हणजे?”

“वजा एक दाखवायलंय. कंपनीला साडेसातशे लागतो.”

एवढ्यावर निभावते तरी सोसले असते. परंतु गल्ल्यावर, तुळजाभवानीच्या तसबिरीखाली, या पोराचे वडील बसलेले होते. १९८७ साली नववीच्या वार्षिक परीक्षेत त्यांना गणितात ३३ गुण पडले होते, आणि उत्तीर्ण होण्यास ३५ लागत असल्यामुळे ‘नियम म्हणजे नियम’ एवढ्या शेऱ्यावर मी त्यांना आणखी एक वर्ष माझ्या सहवासात ठेवून घेतले होते. ते अदबीने उठले, नमस्कार केला, चहा सांगितला. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर जे स्मित होते, त्याचे समीकरण काही केल्या मला सुटेना.

‘सिबिल’ हा शब्द ठाऊक नाही असा इसम आता आमच्या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शोधून सापडावयाचा नाही. शब्द इतका मुरला आहे की, त्याचे लिंग ठरण्याचीसुद्धा कोणी वाट पाहिली नाही. कोणी त्याला पुल्लिंगी समजून ‘सिबिल बसला’ म्हणतो, कोणी नपुंसकलिंगी समजून ‘सिबिल खराब झालं’ म्हणतो. स्त्रीलिंगी मात्र अद्याप कोणी मानल्याचे ऐकिवात नाही, कदाचित लक्ष्मीशी गल्लत होऊ नये म्हणून. वस्तुतः हे एका कंपनीचे नाव. बँकांनी परस्परांना आपापल्या कर्जदारांची खबर द्यावी एतदर्थ ऑगस्ट २००० मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड नावाचे जे दफ्तर मुंबईस उघडले, त्याच्या आद्याक्षरांचा हा जुडगा. पुढे २००५ साली या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशी आणखी तीन दफ्तरे उभी राहिली, पहिल्याच्या नावामागे ‘ट्रान्सयुनियन’ हे परदेशी बिरुद लागले. पण वनस्पती तुपाच्या प्रत्येक डब्याला जसे आपण डालडा म्हणत आलो, तसे चारांपैकी कोणीही अंक काढला तरी तो सिबिलच.

हा अंक ३०० पासून ९०० पर्यंत असतो, हे ऐकून माझ्यातला परीक्षक खवळून उठला. ज्या परीक्षेत कमाल गुण नऊशे आणि अत्यंत नालायक विद्यार्थ्यालाही तीनशे, ती परीक्षा कोणत्या मंडळाची? कर्ज काढून फरारी झालेला, नोटिसा परत धाडणारा, जप्तीच्या दिवशी घराला कुलूप लावून देवदर्शनास जाणारा मनुष्यसुद्धा तीनशे गुणांचा धनी असतो, कारण त्याने निदान पेपर तरी लिहिलेला असतो. मी मात्र उत्तरपत्रिका कोरी दिली होती. घराचे बांधकाम आणि मुलीचे लग्न एवढ्या दोन प्रसंगी शिक्षकांच्या पतसंस्थेतून उचल घेतली, ती दरमहा पगारातून कापून दिली, आणि बेबाकीचा दाखला आजही कपाटात आहे; पण ती वार्ता पतसंस्थेच्या खतावणीतून मुंबईच्या दफ्तरापर्यंत पोहोचलीच नव्हती. माझ्या सचोटीला साक्षीदार होता; त्याला कोर्टात पुकारले गेले नाही, इतकेच.

सोलापुरास बँकेत अधिकारी असलेल्या भाच्याला मी त्याच रात्री फोन केला. तो म्हणाला, “मामा, तुम्ही कर्जच काढलं नाही. मग तुम्ही फेडता का बुडवता, हे त्यांना कळणार कसं?”

“फेडीन, असं मी सांगतो ना!”

“तसं सगळेच सांगतात, मामा.”

या संभाषणानंतर मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि मन साहजिकच आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे वळले. आजोबा कळंब तालुक्यातले, मुलूख निजामाचा, ट्रंकेतले दस्तऐवज उर्दूत, सन फसली, रुपये हाली शिक्क्याचे. त्या काळी पेरणीस ज्वारी लागली की सावकाराच्या पेवातून ती सवाईने किंवा दिढीने आणायची, म्हणजे मणाला सुगीत सव्वा मण अथवा दीड मण घालावयाचे. हे बी देण्यापूर्वी सावकार ना अर्ज मागत असे, ना छायाचित्र. तो सकाळी शेताच्या बांधावरून सहज म्हणून एक फेरी मारी, आणि त्या एका फेरीत बैलांच्या वशिंडावरचे मांस, विहिरीची मोट, कर्त्या पोरांची संख्या, घरधनिणीच्या अंगावर डोरल्याखेरीज काय उरले आहे, आणि चुलीचा धूर एक वेळ निघतो की दोन वेळ, ही सर्व रुजवात घालून घरी परते. याला ‘पत’ म्हणत. ऐपत निराळी, पत निराळी: ऐपत घरात असे, पत गावात असे.

या पद्धतीचे गोडवे गावेत असा माझा मुळीच हेतू नाही. कोऱ्या कागदावर उठवलेल्या अंगठ्यांनी किती जमिनी गिळल्या, याचा हिशेब ट्रंकेतल्या कागदांतही पुरेसा आहे. आणि इंग्रजी अमलाखालच्या पुणे जिल्ह्यात १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी कुणब्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जे पेटवले, ते थंडी वाजत होती म्हणून नव्हे. स्वराज्य आल्यावर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली खेड्यांतील कर्जाची देशभर पाहणी करविली (धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते), तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आणि सावकारांचा शेकडा ७० च्या आसपास निघाला. सारांश, सावकाराची नजर ही या देशातली सर्वांत मोठी वित्तसंस्था होती. ती क्रूर होती, लोभी होती. पण तिला माणूस दिसत असे, एवढे मात्र कबूल केले पाहिजे. वजा एक या आकड्याचे वैशिष्ट्य असे की, तो काढणाऱ्याला मी दिसलोच नव्हतो.

अंक काढण्याची ही विद्या अमेरिकेतून आलेली. तिकडेही आरंभी चहाडीवरच भागत असे. १८४१ साली न्यूयॉर्कात लुईस टॅपन नावाच्या व्यापाऱ्याने गावोगावचे वकील वगैरे हाताशी धरून, अमुक दुकानदार कसा आहे, पितो किती, बायको माहेरची श्रीमंत आहे काय, असल्या बातम्या जाड वह्यांत उतरवून घेण्याचा कारखाना काढला होता, आणि आमच्या गल्लीतील काही मातब्बर भगिनींना तो अवघ्या पंधरवड्यात दिवाळखोरीत काढता आला असता. पुढे १९५६ साली बिल फेअर नावाचा अभियंता आणि अर्ल आयझॅक नावाचा गणिती अशा दोघांनी मिळून माणसाच्या परतफेडीचे भाकीत गणिताने वर्तविण्याची कंपनी काढली. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला आमचा मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या वारशातून सुटून मुंबई राज्यात दाखल झाला. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध त्या वेळी कोणाच्याही ध्यानात आला नाही. माझ्याही तो फ्रीज घेताना आला.

परंतु अमेरिकेपर्यंत जाण्याचे वास्तविक कारण नाही. पतपरीक्षेचा आद्य प्रयोग आमच्याच जिल्ह्यात, तेरला झालेला आहे. हे तेर म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर. येथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई, अशी नोंद त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने करून ठेवलेली आहे. येथेच गोरोबाकाकांचे घर. संतमेळा जमला असता मुक्ताईने काकांच्या हाताशी असलेले थापटणे पाहून, हे काय, असे विचारले. मडकी कच्ची की पक्की ते याने कळते, असे काकांनी सांगताच, मग ही मडकी तपासा, म्हणून तिने भोवती बसलेल्या संतांकडे बोट दाखविले. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत नेले. बाकीच्यांनी निमूट सोसले. नामदेव मात्र कुरकुरले, आणि तेच मडके कच्चे ठरले.

ही कथा मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली होती. पण तिचे खरे मर्म मला त्या रात्री अडीच वाजता उमगले. नामदेवांची भक्ती काय थोडी होती? प्रत्यक्ष पंढरीनाथ त्यांच्या हातचा नैवेद्य जेवीत असे. अडचण एकच होती: त्यांनी गुरू केलेला नव्हता. त्यांचा सारा व्यवहार थेट मालकाशी, मध्ये अधिकृत संस्था नाही, सबब दफ्तरी नोंद नाही. नोंद नाही म्हणून कच्चे! काकांना कोणी मुंबईच्या दफ्तरात नेमले असते, तर त्यांनी नामदेवांच्या नावापुढे वजा एकच लिहिले असते. उपायही तोच सांगितला गेला. नामदेवांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे जावे लागले, आणि मला बँकेत.

बँकेची तजवीज होईपर्यंत फ्रीज रोखीने घ्यावा, अशी सूचना घरातून आली. ती मी स्वाभिमानपूर्वक फेटाळली. ज्या दुकानात वजा एक झालो, त्या दुकानातून हप्त्यानेच फ्रीज नेईन, अशी भीष्मप्रतिज्ञा करून बसलो. परिणामी पाडव्याच्या सुमारास सौभाग्यवती बाजारातून माठ घेऊन आली. घेताना तिने दहा-बारा माठांवर टिचकी मारून प्रत्येकाचा आवाज ऐकला होता, हे ती मला सांगत असताना तिची बोटे आणि माझे मस्तक यांमधील अंतर नेहमीपेक्षा कमी आहे, असे मला उगाचच वाटून गेले.

एकदा आपण नापास झालो की, इतरांचे गुण कळून घेण्याचा छंद जडतो. आमच्या गल्लीत एक सद्गृहस्थ आहेत. त्यांचे घर कर्जाचे, मोटार कर्जाची, मोबाइल हप्त्याचा, आणि त्यांची उन्हाळ्यातील कुलू-मनालीची यात्राही हप्त्याची. त्यांचा अंक ७९०! पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा शेवटच्या बाकाकडे ज्या करुणेने पाहतो, तिने ते हल्ली माझ्याकडे पाहतात. उमरगा तालुक्यातले आमचे व्याही याच्या उलट. स्वतः कपर्दिकेचे देणे नाही, परंतु मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेले. जामीन राहणे म्हणजे लग्नात अंतरपाट धरण्याइतके निरुपद्रवी पुण्यकर्म, अशी त्यांची समजूत होती. आणि ट्रॅक्टरचे हप्ते तुंबल्यावर अंतरपाट धरणाराचेही लग्न लागलेले आहे असे बँक मानते, हे त्यांना आपला अंक सहाशेच्या खाली आल्यावर समजले.

शेतकऱ्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. आमच्याकडे पीककर्जाचे दर साल ‘नवं-जुनं’ करतात, म्हणजे मुदतीच्या आत जुने कर्ज भरायचे आणि लगोलग नवे उचलायचे. भरण्यापुरता पैसा हाताशी नसला, तर तो दोन-चार दिवसांच्या बोलीवर एखाद्या खाजगी सावकाराकडून जबर व्याजाने आणतात, बँकेत भरतात, नवे कर्ज मंजूर होताच त्यातून सावकाराचे फेडतात. दफ्तरात ‘वेळेवर परतफेड’ असे लखलखीत नोंदले जाते, आणि त्या लखलखाटाखालची काजळी मात्र सावकाराच्या वहीतच राहते. आजोबांच्या वेळच्या वहीवर मुंबईचे दफ्तर पाट मांडून बसले आहे, एवढाच काय तो फरक! थकलेले कर्ज तडजोडीने मिटवावे, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. गावच्या भाषेत मिटले म्हणजे मिटले. या भाषेत ‘मिटले’ हा ‘बुडवले’चा धाकटा भाऊ असतो.

पीककर्जास सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे नोंदवू, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये बँकांच्या राज्यस्तरीय बैठकीत बजावले, तेव्हा बसस्थानकासमोरच्या हॉटेलात त्या बातमीचे मोठ्याने वाचन झाले. वाशीकडचा एक वृद्ध शेतकरी ती शेवटपर्यंत ऐकून, बशी खाली ठेवून म्हणाला, “गुन्हा बँकंवर हुईल तवा हुईल. आमच्यावर कर्ज कवा हुतंय, ती तारीख लिवलीया का बगा.” पुढे सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की भूम-परंड्याकडे पिकांबरोबर मातीही वाहून गेली. सिबिलच्या त्या अहवालात मागील ३६ महिन्यांची हजेरी एकेका महिन्याच्या चौकटीत मांडलेली असते. पावसासाठी मात्र त्यात रकाना नाही.

विवाहसंस्थेतही हा अंक शिरला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातील मुर्तिजापूरची बातमी सर्वांनीच वाचली असेल. स्थळ पसंत, बोलणी पुरी झालेली, आणि ऐन वेळी वधूच्या मामाने वराचा सिबिल पाहावयास मागितला. वराच्या नावावर कर्जांची रांग निघाली आणि लग्न मोडले. मामांचे महत्त्व आपल्या विवाहविधीत मूळचेच मोठे. पण मुलीला बोहल्यावर आणण्यापूर्वी मामा अहवाल आणतो, ही प्रगती अगदी अलीकडची. पत्रिकेत मंगळ असला तर त्यावर शांत तरी सांगितलेली आहे.

माझ्यासाठी भाच्याने जी शांत सुचविली ती अशी. १५,००० रुपयांची मुदत ठेव बँकेत ठेवावी. ती तारण देऊन तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यावे. दरमहा थोडे काही त्यावर घ्यावे आणि मुदतीपूर्वी फेडावे. म्हणजे माझेच पैसे मी बँकेला द्यायचे, तेच तिच्याकडून उसने घ्यायचे, ते तिला परत करायचे, आणि एवढा द्राविडी प्राणायाम पाहून मुंबईच्या दफ्तराने ‘मनुष्य विश्वासू दिसतो’ असे टिपून घ्यायचे. यातही पथ्ये पुष्कळ. मर्यादेच्या शेकडा ३० पेक्षा अधिक खर्च करू नये, नाहीतर माणूस हपापलेला दिसतो. अजिबात खर्च करू नये असेही नाही, नाहीतर तो पुन्हा अदृश्य होतो. आणि जुने खाते कधी बंद करू नये, कारण जितके खाते जुने तितकी पत मुरलेली. हे शेवटचे पथ्य मला नवे वाटले नाही. आमचे किराणा दुकानदार शेठजी गेली तीस वर्षे माझी बाकी कधी पुरती शून्यावर येऊ देत नाहीत; चुकती करू लागलो की “राहू द्या सर, दहा-वीस रुपये राहू द्या, खातं जितं राहतंय,” म्हणतात. मी याला व्यापारी लाघव समजत होतो. ते शास्त्र होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात रक्तातली साखर, रक्ताचा दाब आणि सिबिल अशी तीन मापे सकाळी पाहिली जाऊ लागली. वारंवार पाहिल्याने अंक घसरतो, असा धाक मला ७९० वाल्या सद्गृहस्थांनी घातला होता. परंतु भाच्याने उलगडा केला की, आपण स्वतः पाहिल्याने काही होत नाही, कर्ज देऊ करणाऱ्या संस्थांनी एकापाठोपाठ एक येऊन पाहिले म्हणजे तो थोडाथोडा उतरतो. दृष्ट लागण्याचे हेच शास्त्र माझ्या आजीला ठाऊक होते. फरक इतकाच की, आईबापाचीही दृष्ट लागते असे ती मानी, आणि येथे घरच्यांना सूट आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेवरून २०१७ पासून प्रत्येक दफ्तराने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावयाचा असतो. दफ्तरे चार, म्हणजे वर्षाकाठी चार दर्शने विनामूल्य. सौभाग्यवती त्याला चारधाम म्हणते.

पहिला अहवाल हाती आला, तेव्हा मी तो उत्तरपत्रिका तपासावी तसा लाल पेन घेऊन वाचला. हप्ता वेळेवर भरला म्हणजे त्या महिन्याच्या चौकटीत ‘०००’ असे लिहितात. तीन पूज्ये मिळाल्याचा मला आयुष्यात प्रथमच हर्ष झाला. पत्ते मात्र दोन निघाले, एक उस्मानाबादचा आणि एक धाराशिवचा. गावाचे नाव २०२३ साली बदलले. मी त्याच खोलीत, त्याच आरामखुर्चीत बसून होतो, आणि इकडे दफ्तराच्या लेखी माझे स्थलांतर होऊन गेले होते! पण खरा चमत्कार पुढच्या पानावर होता. माझ्याच नावाच्या कुणा अज्ञात इसमाचे मोटारसायकलचे कर्ज माझ्या नावावर चढलेले होते, आणि त्या भल्या माणसाने एकवीस महिने एकही हप्ता चुकविलेला नव्हता. एकवीस महिने, आणि प्रत्येक चौकटीत तीन तीन शून्ये!

येथे माझ्या नीतिमत्तेची कसोटी लागली. परक्याचे पाप आपल्या माथी आले तर मनुष्य कोर्टकचेरी करतो; परंतु परक्याचे पुण्य आयते आपल्या खतावणीत जमा झाले असता कोणत्या कलमाखाली फिर्याद करावी? मी दोन दिवस त्या इसमाचा विचार करीत होतो. तो दुधाच्या किटल्या लावून पहाटे निघत असावा, हप्त्याच्या तारखेला त्याच्या पोटात गोळा येत असावा, आणि त्याला ठाऊकही नसेल की, एक निवृत्त गणितशिक्षक त्याच्या घामावर प्रतिष्ठित होऊ पाहत आहे. सौभाग्यवतीने प्रश्न व्यवहाराच्या बाजूने सोडविला. “अहो, त्याचं त्याला देऊन टाका,” ती म्हणाली, “उद्या त्याची म्हैस आटली म्हणजे?”

तेव्हा मी रीतसर कैफियत गुदरली. कायदा असा आहे की, अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लावल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदारास द्यावे लागतात. एप्रिल २०२४ पासून हा दंड लागू झालेला आहे. सरकारी कामाचा माझा अनुभव लक्षात घेऊन मी त्या रकमेतून फ्रिजचे दोन-तीन हप्ते मनातल्या मनात वळतेही करून टाकले होते. परंतु दफ्तराने अठ्ठाविसाव्या दिवशी चूक दुरुस्त केली, तो इसम आपल्या तीन शून्यांसह निघून गेला, आणि मी पुन्हा एकट्याच्या पुण्याईवर आलो.

कार्तिकात अंक उमटला. सातशे अठ्ठेचाळीस!

वजा एकवरून सातशे अठ्ठेचाळीस, ही झेप माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला जमलेली नव्हती, म्हणून मी प्रथम देवापुढे साखर ठेवली. आणि साखर ठेवता ठेवताच साडेसातशेला दोन कमी पडतात, हे माझ्या ध्यानात आले. अख्ख्या नोकरीत कृपागुण या शब्दाचा मी उच्चार होऊ दिला नव्हता. त्या रात्री मात्र कृपागुणांच्या समर्थनार्थ जे जे मुद्दे माझ्या मनात आले, ते सर्व इतके बिनतोड होते की, १९८७ साली ते कोणी मांडले असते तर मी त्यास वर्गाबाहेर काढले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता दुकानात गेलो. पोराने आधार आणि पॅन घेतले, मोबाइलवर अंगठा चालवला, आणि या खेपेस माझ्याकडे पाहण्याऐवजी गल्ल्याकडे पाहून म्हणाला, “बाबा, साडेसातशेला दोन कमी हायत.”

गल्ल्यावरून ते उठले. फाल्गुनातले तेच स्मित घेऊन ते माझ्यापर्यंत आले, माझ्या हातात चहाचा कप दिला, आणि अत्यंत मऊ आवाजात म्हणाले, “सर, नियम काय म्हणतोय?”

चहा फार गरम होता. मी म्हणालो, “नियम म्हणजे नियम.”

त्यांनी मान डोलावली. मग पोराला मोबाइल खिशात टाकायला सांगून ते गल्ल्याकडे वळले, देवीच्या तसबिरीखालचा खण ओढला आणि आतून एक लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली वही काढली. “कंपनीचं असू द्या,” ते म्हणाले, “बारा महिन्यांचं हितं लिवतो. जमंल तवा आणून द्या.”

सौभाग्यवतीच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, पोर हमालाला हाका मारायला बाहेर गेला, आणि मला एकाएकी दरदरून घाम फुटला.

“अहो पण,” मी म्हणालो, “वहीत लिहिलं तर याची नोंद तिकडे होणार नाही!”

“न्हाई हुनार,” ते म्हणाले, आणि कोऱ्या पानावर माझे नाव लिहू लागले.